एलीची पोरं आणि आमचा शमू

आमचा शमू शाळेत जात नाही असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. फक्त विचारणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे त्याचा सूर बदलतो. नणंदेच्या सासूबाई आवाज खाली आणून विचारतात, "डॉक्टरांना दाखवलंत का?" सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, "म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायला 17 नंबरचा फॉर्म भरणार?" या 17 नंबरच्या फॉर्मला महाराष्ट्रात जो मान आहे तो सर्वांना ठाऊकच आहे. गल्लीतला एखादा दादा दोनदा गचकून पानाच्या टपरीवर बसायला लागला की त्याच्या आईच्या तोंडी हा आकडा यायचा. मग मी सांगते, मुलगा नापास नाही, आजारी नाही, चौथीनंतर आम्ही त्याला घरीच शिकवतो. ख्रिस्ती पद्धतीनं. यावर समोरची बाई खरोखर चक्रावते. "अगं, पण चांगल्या शाळा तर तुमच्याच लोकांच्या असतात ना? आमच्या पिंकीला तिथे ॲडमिशन मिळावी म्हणून आम्ही रात्रभर रांगेत होतो!"

या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. असतं तरी ते आमच्या घरात चाललं नसतं, कारण घरात सर आहेत.

सर म्हणजे माझे सासरे. नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. गावातले लोक त्यांना सर म्हणतात, मुलं-सुना सर म्हणतात, सासूबाईसुद्धा भाजीत मीठ पुरे का हे "सर, बघा बरं" असंच विचारतात. नातवाला शाळेतून काढलं हे कळल्यावर ते पहिल्या एसटीनं पुण्याला राहायलाच आले आणि चपला काढायच्या आधी दारातच त्यांनी इतिहासाचा तास सुरू केला. 1813 साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत कशासाठी उतरली? शाळा काढायला. सिंथिया फरारबाई लग्न न करता, घरदार सोडून इतक्या लांब कशासाठी आल्या आणि नगरच्या मातीत कशासाठी गेल्या? मुलींना शाळेत बसवायला. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा नगरला पाहिल्या, मग 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. "आख्ख्या महाराष्ट्राला शाळेचा रस्ता दाखवला आपण," सर म्हणाले, "आणि माझी सून माझ्या नातवाला तिथून उचलून स्वयंपाकघरात बसवते!"

मी रमाबाई पुढे केल्या. आमच्याकडे वादात कोणीतरी पंडिता रमाबाई पुढे करतंच, जो आधी करेल तो जिंकतो. रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी गंगामूळच्या रानात बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं लेकीला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत पायी हिंडलं आणि अभ्यास वाटेवरच झाला. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन पदवी दिली, दाखला मागितला नाही. याच बाईंनी नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. "ही होमस्कूलची विद्यार्थिनी!" मी म्हटलं.

सरांनी चष्मा पुसला. "खरं आहे. पण सूनबाई, तुम्ही लक्ष्मीबाई डोंगरे आहात का?"

हा फटका वर्मी होता. मी बी.कॉम. आहे.

असो. आम्ही हे का केलं याची जी कारणं आम्ही जगाला सांगतो ती बसच्या दोन तासांपासून गाइडातून उतरवलेल्या 'माझी आई' या निबंधापर्यंत पुष्कळ आहेत. ती सगळ्याच आईबापांची असतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. खरं कारण अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहे. देवाचं वचन मुलांना घरात बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना शिकवत राहा, अशा अर्थाची तिथे आज्ञा आहे. जगभरचे ख्रिस्ती होमस्कूलवाले हा अध्याय झेंड्यासारखा पुढे धरून चालतात. अमेरिकेत तो धरून आईबाप कोर्टात गेले, विधिमंडळांत गेले, आणि 1993 पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत घरचं शिक्षण कायदेशीर झालं. जर्मनीत त्याला आजही परवानगी नाही. आपल्याकडे 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शाळेचीच भाषा बोलतो आणि आमच्यासारख्यांचं नावही घेत नाही. भारतीय माणसाला एवढी फट पुरते.

त्या आज्ञेतली खरी अडचण काय आहे ते मात्र मोशेनं सांगितलेलं नाही. घरात बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलगा तुमच्यासमोर असतो याचा अर्थ तुम्हीही मुलासमोर असता. शाळेतल्या बाई पाच वाजता घरी जातात आणि नवऱ्याशी भांडतात. वर्गाला ते दिसत नाही. माझा वर्ग दहा फुटांवर बसून पोहे खात ऐकत असतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत डोळे मिटून म्हणतो, "प्रभो, मम्मीनं काल पप्पांना जे शब्द वापरले त्याबद्दल तिला क्षमा कर." आमेन म्हणावंच लागतं. न म्हणून चालत नाही.

पुस्तकं आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाकडून मिळाली. त्यांच्या डॅलसच्या भावानं पाठवलेली, दोन मुलं शिकून झालेली, कडा दुमडलेली. ख्रिस्ती होमस्कूलची बरीचशी दुनिया अशीच दुसऱ्यांच्या खोक्यांवर चालते. त्यात जानेवारी आला की बर्फ पडतो. गणितातला शेतकरी मका पेरतो, एकरात मोजतो आणि मैलावरच्या बाजारात पौंडावर विकतो. शमूला डाइम, निकेल, क्वार्टर तोंडपाठ झाले, आणि आजीनं 'चार आणे' म्हटल्यावर त्यानं विचारलं, कसले दाणे? शेवटी सरांनी पेन्सिल घेऊन त्या पुस्तकांचं शुद्धीकरण केलं. एकराचे चाळीस गुंठे झाले, मक्याची ज्वारी झाली, आणि जोन्स नावाच्या शेतकऱ्यानं आपला माल टेक्सासऐवजी राहुरीच्या मार्केट यार्डात नेला. भाव मात्र पडलेलाच होता, त्यामुळे गणित अधिक खरं वाटायला लागलं.

टेक्सासचीच एक पद्धत आहे, 1970 साली निघालेली, ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन नावाची. त्यात प्रत्येक मुलाला आडोसा घातलेलं स्वतंत्र टेबल असतं, त्याला ऑफिस म्हणतात. मुलगा छोट्या पुस्तिका आपापल्या गतीनं सोडवतो, आणि अडलं की टेबलावरचा छोटा झेंडा वर करतो, मग मोठं माणूस येतं. मी ती पद्धत घेतली नाही, पण झेंडा उचलला. ओरडण्यापेक्षा बरं, म्हणून आईस्क्रीमच्या काडीला लाल कापड चिकटवून दिलं. पहिल्या आठवड्यात तो अपूर्णांकासाठी वर जायचा. पुढे त्याचा अर्थ 'थालीपीठ' झाला. आता शमूचं चौदावं संपत आलंय, रोज सकाळी त्याची पँट आखूड झालेली असते, आणि झेंडा खाली येतच नाही.

या वाढण्याबद्दल कुठल्याच अभ्यासक्रमात काही नसतं. शाळेतल्या मुलाची आई त्याला सकाळी सातला बघते आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात त्याच्या आवाजाला काय झालं हे वर्गशिक्षिकेचं दुखणं. आमच्याकडे स्तोत्र म्हणताना तो पहिल्या कडव्याला सोप्रानो असतो आणि दुसऱ्याला कुठूनतरी ट्रॅक्टर सुरू होतो. मिशी येतेय. टूथब्रशच्या कपात त्यानं पप्पांचं जुनं रेझर लपवलंय, आणि आपण ते पाहिलेलं नाही असं आम्ही तिघंही समजतो.

आणि मग पवित्र शास्त्राचं वाचन. लोकांना वाटतं आम्ही मुलाला जगापासून झाकून ठेवतो. मोबाइल नाही, वेबसिरीज नाही, वाईट संगत नाही. खरंच नाही. त्याऐवजी आम्ही उत्पत्तीपासून सुरुवात करून रोज सलग अध्याय वाचायचं ठरवलं, एकही न गाळता. यातल्या धोक्याची कल्पना ज्यांना नाही त्यांनी उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय एकट्यानं वाचून पाहावा. मी यहूदा आणि तामार यांच्यापाशी पोचले तेव्हा कुकरची शिट्टी झाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टीबद्दल देवाचे आभार मानले. लोटाच्या मुली त्याआधीच येऊन गेल्या होत्या. दावीद गच्चीवर गेला तेव्हा ह्यांना अचानक फोन आला. लेवीयाच्या पुस्तकात शमू पेंगायचा, पण शास्त्यांच्या पुस्तकात एहूद आला आणि पोरगा खुर्चीत ताठ झाला. एहूद डावखुरा. शमू डावखुरा. एहूद उजव्या मांडीला तलवार बांधून मवाबाच्या लठ्ठ राजाकडे जातो, एकांतात बोलायचंय म्हणतो, आणि तलवार पोटात अशी जाते की मूठसुद्धा चरबीत गडप होते. शमूनं तो अध्याय तीन वेळा वाचायला लावला. तोवर त्याच्या डाव्या हाताबद्दल कुरकुरणाऱ्या सासूबाईंना त्यानं त्या दिवसापासून पट्टी घेऊन एकांतात बोलायचंय म्हणायला सुरुवात केली.

गीतरत्न यायला अजून अवकाश आहे. ते पुस्तक वाचायची जबाबदारी मी ह्यांच्यावर टाकलीय आणि ह्यांनी ती सरांवर.

होमस्कूलचं यश मोजायचं कसं हा प्रश्न नेहमी येतो. आमचं मला एका संध्याकाळी मोजता आलं. खोली आवरली नाही म्हणून मी शमूला इफिसकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायाची आठवण करून दिली, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं पौल म्हणतो तो. शमू शांतपणे म्हणाला, "पुढचं पण वाच." पुढे बापांनी मुलांना चिडवू नये असं आहे. मी म्हटलं, तिथे बापांना सांगितलंय, आयांना नाही. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे पप्पा सुटले नाहीत, तू सुटलीस. पण तुला पप्पांना आवरायला हवं." पप्पा तेव्हा मिक्सर उघडून शनिवारचं विज्ञान शिकवत होते, त्यांचा यात काडीचा संबंध नव्हता. क्रिकेट खेळून उशिरा आला तर म्हणतो, येशू बारा वर्षांचा असताना तीन दिवस मंदिरात मागे राहिला होता. मी म्हणते, पण नंतर नासरेथला जाऊन आईबापांच्या आज्ञेत राहिला, तेही लूकनंच लिहिलंय. तो म्हणतो, आलोच ना घरी. वकील घडवायचा आमचा अजिबात बेत नव्हता. आम्ही त्याच्या हाती शास्त्र दिलं ते जगाशी लढायला, आणि जग म्हणजे सध्या मी.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी आणि बंडखोर मुलाचं काय करावं याची एक तरतूद आहे, नगराच्या वेशीपाशी नेऊन करायची. तो अध्याय मी कधीकधी टेबलावर नुसता उघडून ठेवते.

सर दर रविवारी उपासनेनंतर नातवाची तोंडी परीक्षा घेतात. एकदा त्यांनी त्याच्या नावावरूनच आम्हाला पकडलं. "शमुवेलाच्या आईनं काय केलं? हन्नानं नवसाचा मुलगा, दूध तुटताच नेऊन एली याजकाच्या हवाली केला. ती होस्टेलवाली होती!"

"पण एलीची स्वतःची मुलं?" मी म्हटलं.

"ती घरी शिकली," सर लगेच म्हणाले. "हफनी आणि फिनहास. अर्पणाचं मांस पळवायची. घरी शिकवण्याचा नमुना!"

मला उत्तर सुचेना. शमू म्हणाला, "आजोबा, होस्टेलमध्ये शिकलेल्या शमुवेलाची मुलंपण लाच खायची. आठवा अध्याय." सर हसले आणि त्यांनी त्याला पूर्ण गुण दिले. मला कळेना की यात शाळा जिंकली की घर. मला मात्र या सगळ्यात हन्नाचाच एक तपशील आवडतो. ती दर वर्षी लेकासाठी एक छोटा झगा शिवून मंदिरात न्यायची. वर्षभर न बघितलेल्या पोराचं माप तिनं कसं घेतलं असेल? माझा पोरगा दिवसभर नजरेसमोर असतो आणि तरी नाताळला शिवलेला सदरा ईस्टरला मनगटाच्या वर जातो.

विज्ञानाचं प्रकरण निघणारच होतं. खोक्यातल्या एका जुन्या पुस्तकात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं होतं आणि चित्रात माणसाशेजारी डायनासोर उभा होता. आम्ही सिंहगडावर गेलो होतो तेव्हा ह्यांनी काळ्या कातळावर हात ठेवून शमूला सांगितलं, हा लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शमूनं मधल्या आकड्याचा हिशेब विचारला. ह्यांनी पिठलं-भाकरीकडे बोट दाखवलं. आठवडाभर घरात ताण होता, कारण मंडळीतली काही माणसं या बाबतीत फार कडक आहेत आणि त्यातली दोन आमच्या घरी प्रार्थनेला येतात. रविवारी प्रश्न सरांपुढे गेला. सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय आणि चाळीस वर्षं वेदीजवळच्या बाकावर बसलेत. ते म्हणाले, "देवाचं घड्याळ मी पाहिलेलं नाही. परीक्षेत साडेसहा कोटी लिही." माझ्या मते आमच्या मंडळीत यापेक्षा चांगलं प्रवचन झालेलं नाही, आणि ते झालं जेवताना, माशाचा काटा काढता काढता.

संगतीचा प्रश्न जुलैत सुटला. जुलैत पुण्याच्या नदीकाठी पुलाखाली ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि तो आवाज ख्रिस्ती घराच्या दारात थांबत नाही. शमूचे क्रिकेटचे सगळे मित्र पथकात. त्यानं विचारलं, जाऊ का? ह्यांनी पाळकसाहेबांना विचारावं म्हटलं, मी प्रार्थना करू म्हटलं, म्हणजे दोघांनीही 'बघू' म्हटलं. तो वाजवायला गेला नाही, नुसता ऐकायला गेला, रोज. ऑगस्टमध्ये त्याला उपासनेत काहोन वाजवायला बसवलं. काहोन म्हणजे एक लाकडी खोकं, त्यावर बसून ते हातांनी वाजवायचं. दुसऱ्या गीताला खोक्यातून जो ठेका आला तो सरळ लक्ष्मी रोडवरून आला होता. मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला, कीर्तन आणलं, तेव्हा ताशानं काय पाप केलंय, असं सर मोठ्यानं पुटपुटले. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. झग्याखाली त्यांचा बूट हलत होता.

दहावी एनआयओएसमधून, म्हणजे सरकारी मुक्त विद्यालयातून, द्यायची ठरली. पाच विषय, आणि पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी. हे ऐकून सरांना धक्का बसला. "नऊ? आमच्या वेळी एक मार्च आणि एक ऑक्टोबर, मग सरळ शेतात!" सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगणाऱ्या प्रभूच्या सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला नऊ संधी जास्त वाटल्या. शमूला त्या कमी वाटल्या.

आणि आता त्याला अकरावी कॉलेजात करायचीय. खऱ्या कॉलेजात, वर्ग, कँटीन आणि आई नसलेल्या. हे त्यानं सांगितलं तेव्हा मी रमाबाईंच्या आईबद्दल, अनुवादाच्या सहाव्या अध्यायाबद्दल आणि वाईट संगतीबद्दल जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. तो म्हणाला, "मम्मी, वाटेनं चालताना शिकव म्हटलंय ना? वाट कॉलेजकडे जाते." यापुढे काय बोलणार? ह्यांनी ऑनलाइन फॉर्मच्या तारखा शोधायला घेतल्या. सर तर आनंदानं उडायचेच बाकी होते.

एनआयओएस निकालानंतर आपलं स्थलांतर प्रमाणपत्र देतं आणि प्रवेशाचं काम त्यावर होतं. पण सरांना ते पटेना. मुलगा एवढी वर्षं एका शाळेत होता, तर शाळा सोडल्याचा दाखला हवाच. त्यांनी ट्रंकेतून कोरा, पिवळा पडलेला जुना छापील दाखला काढला, टाक घेतला आणि आम्हाला टेबलाभोवती बसवलं. नाव, जन्मतारीख भरून झालं. धर्म, 'ख्रिस्ती'. प्रगती, 'चांगली'. शाळा सोडण्याचं कारण, 'उंची', असं शमूनं सुचवलं, ते सरांनी 'पुढील शिक्षण' असं सभ्य भाषेत लिहिलं. मग वर्तणुकीचा रकाना आला आणि टाक थांबला.

"समाधानकारक," सर म्हणाले.

"आजोबा! चांगली लिहा ना."

"पट्टी घेऊन आजीला एकांतात कोणी बोलावलं होतं?"

"सर, चांगली लिहा," मी म्हटलं. "प्रवेश मिळाला नाही तर आणखी दोन वर्षं मलाच शिकवावं लागेल."

सरांनी 'उत्तम' लिहिलं आणि मुख्याध्यापकाच्या सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.